एका यंत्राचे दोन वापरकर्ते

ओरेस्ट हॅलुश्चाक वर्षातून दोनदा तळघरात उतरून एकाच यंत्रावर एकच ऑपरेटिंग सिस्टिम पहिल्यापासून टाकत असे. एप्रिलात एकदा, ऑक्टोबरात एकदा. ही अठ्ठाविसावी खेप होती. त्या यंत्राचा दुसरा काहीही उपयोग नव्हता. सिस्टिम टाकायची, ती नीट बसली असं ती बनवणाऱ्या मंडळींना कळवायचं, यंत्र बंद करायचं, आणि सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली की सगळं पुसून पुन्हा टाकायचं. तुरुंगात कैद्यांना खड्डे खणायला आणि बुजवायला लावतात म्हणे. ओरेस्टला कोणी लावलं नव्हतं, एवढाच फरक.

यंत्र कपडे धुण्याच्या मशीनएवढं होतं आणि त्याहून जास्त आवाज करायचं. चौदा वर्षांपूर्वी कॅल्गरी शहराच्या पाणीपुरवठा खात्याने ते मोडीत काढलं. ओरेस्ट तेव्हा तिथे नोकरीला होता. त्याने ते दोन माणसं लावून घरी आणलं आणि तळघरातल्या एकमेव कोरड्या कोपऱ्यात ठेवलं. आता तो निवृत्त झाला होता. त्याचे गुडघेही निवृत्त झाले होते. यंत्र मात्र कामावर होतं.

सिस्टिम बनवणारे लोक जगभर विखुरलेले, सगळे फुकट राबणारे, आणि म्हणूनच नियमांना कडक. नियम असा होता की प्रत्येक जातीच्या यंत्रासाठी नव्या आवृत्तीच्या फायली निघाल्या, की त्या खऱ्याखुऱ्या यंत्रावर कोणीतरी अथपासून इतिपर्यंत टाकून दाखवायच्या आणि तसा अहवाल पाठवायचा. अहवाल नाही, तर ती जात यादीतून बाद. ओरेस्टच्या यंत्राच्या जातीचा अहवाल चौदा वर्षं फक्त ओरेस्टच पाठवत होता. त्याने एकदा हात आखडता घेतला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

त्याची बायको ग्वेन हे त्याला दरवर्षी दोनदा सुचवायची. तिला तो कोपरा हवा होता. तिच्या गोधडीची लाकडी चौकट तीन वर्षं जेवणाच्या टेबलावर पसरलेली होती आणि दोघं स्वयंपाकघरात उभ्याने जेवत होते. या वेळी तिने सुचवणं सोडून दिलं होतं. तिने आपल्या भावाला, क्लिंटला, रविवारी सकाळी ट्रक घेऊन बोलावलं होतं. भंगाराचा डेपो रविवारी दुपारपर्यंत उघडा असतो, हेही तिने विचारून ठेवलं होतं.

"हे शेवटचं," ओरेस्ट शुक्रवारी सकाळी म्हणाला.

"तू हे पाचव्यांदा म्हणतोयस," ग्वेन म्हणाली. "पण या वेळी माझ्याकडे क्लिंट आहे."

ओरेस्टलाही ते यंत्र जायला हवं होतं. थांबता येत नव्हतं, त्याचं कारण मॉन्क्टन.

सिस्टिमच्या फायली जगात वाटण्यासाठी जागोजागी स्वयंसेवकांनी साठे ठेवलेले असत. त्यातला एक साठा ओरेस्टच्याच तळघरात, पुस्तकाएवढ्या एका डब्यात होता. कोणी कधी काय नेलं याची नोंद त्यात आपोआप होई. आणि दर सहा महिन्यांनी, त्या म्हाताऱ्या यंत्राच्या फायली देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मॉन्क्टनमध्ये बसलेला कोणीतरी एकच माणूस न चुकता उतरवून घेत होता. म्हणजे जगात असं यंत्र अजून एक होतं, आणि त्यावर कोणीतरी विसंबून होतं. ओरेस्टने हळूहळू त्या माणसाला एक आयुष्य दिलं होतं. मासे गोठवायच्या कारखान्यात तो शीतगृहाचं तापमान बघायचा. विधुर होता. नवं यंत्र मागितलं की मालक पुढच्या वर्षी बघू म्हणायचा.

त्या माणसाला सरळ पत्र टाकून विचारता आलं असतं. पण या मंडळींत विचारणं म्हणजे आपण वाचलेलं नाही याची कबुली देणं. नोंद समोर होती, ओरेस्टने ती वाचली होती, विषय संपला होता.

त्याने फ्लॉपी सरकवली. यंत्र दळण दळल्यासारखं घरघरलं. मग नेहमीचे प्रश्न आले. यंत्राचं नाव काय, कोणती डिस्क, सगळी पुसायची का, फायली कुठून आणायच्या. चौदा वर्षांत उत्तरं बदलली नव्हती. बहुतेक प्रश्नांचं उत्तर प्रश्नाशेजारीच चौकटी कंसात छापलेलं असतं आणि आपण फक्त एंटर दाबायचा असतो. चर्चमधल्या लग्नात पाद्री विचारतो तसं.

दुपारी ग्वेन पिरोगींची, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांची, ताटली घेऊन पायऱ्यांवर आली.

"कुठपर्यंत आलं?"

"डिस्क कोरी होतेय."

"एप्रिलपासून त्यावर काही होतं का?"

"सिस्टिम होती."

"आणि आता काय येणार?"

"सिस्टिम."

ग्वेनने ताटली शेवटच्या पायरीवर ठेवली. "माझ्या आईचा प्राण यापेक्षा लवकर गेला," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

फायलींची गाठोडी एकेक करून येऊ लागली. मूळ सिस्टिमचं आलं. प्रत्येक गाठोड्याचा एक ठसा असतो आणि तो सोबतच्या यादीतल्या ठशाशी जुळवून पाहिला जातो. जुळला. मग कंपायलरचं, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रॅमचं, गाठोडं आलं, सगळ्यात मोठं. अर्धा तास दळून यंत्राने सांगितलं, की ठसा जुळत नाही. तरीही पुढे जायचं का? आणि शेजारी चौकटी कंसात, नाही.

ओरेस्टने एंटर दाबला.

शाळेत अचानक गुरुजी आजारी पडल्याचं कळावं तसं त्याला वाटलं. इमानदारीत गाठोडं आणखी दोनदा मागवून पाहिलं. दोन्ही वेळा तेच. मग त्याने अहवाल लिहिला. या आवृत्तीच्या फायली या यंत्रावर बसत नाहीत. ही जात आता बाद करावी, अशी शिफारस आहे. फक्त मॉन्क्टनमधले एक गृहस्थ यावर अवलंबून असावेत, त्यांना आधी विचारावं. अहवाल त्याने इव्हेटला पाठवला. या जातीच्या फायली बांधण्याचं काम तिचं. चौदा वर्षांत दोघांनी काही हजार पत्रं लिहिली असतील, पण त्यात कोणी कोणाला कसा आहेस असं विचारलेलं नव्हतं.

वीस मिनिटांत फोन वाजला.

"ओरेस्ट? इव्हेट बोलतेय. ते मॉन्क्टनचे गृहस्थ म्हणजे मी."

ओरेस्ट पायरीवर बसला, पिरोगींच्या शेजारी.

"तू मॉन्क्टनला असतेस?"

"जन्मापासून."

"मग तुझ्याकडे यंत्र आहे."

"होतं. तळघरात पाणी शिरलं त्यात गेलं, त्याला अकरा वर्षं झाली. मी फायली साध्या लॅपटॉपवर बांधते."

"मग उतरवून कशाला घेतेस?"

"तुझ्यापर्यंत धड पोचल्या की नाही ते बघायला. पोचल्या की पुसते."

"माझ्यासाठी?"

"मग कोणासाठी? मला वाटायचं, पाणीखात्याचं काहीतरी अजून त्याच्यावर चालतं. झडपा वगैरे. आपण थांबलो तर कॅल्गरीला पाणी यायचं नाही."

"त्याच्यावर काहीच चालत नाही, इव्हेट."

"काहीच?"

"सिस्टिम टाकतो. तुला कळवतो. बंद करतो."

यंत्र घरघरत होतं.

"तो ठसा माझ्यामुळे चुकलाय," इव्हेट म्हणाली. "गाठोडं पुन्हा बांधलं आणि यादी जुनीच राहिली. पाच मिनिटांचं काम आहे." मग म्हणाली, "माझी मुलगी लहान होती हे सुरू केलं तेव्हा. गेल्या महिन्यात तिला मूल झालं."

"ते पाच मिनिटांचं काम नको करूस," ओरेस्ट म्हणाला.

"नाही करत," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात ओरेस्टला आपल्याच गुडघ्यांचा थकवा ऐकू आला.

इव्हेटने सगळ्या मंडळींना तीन ओळींचं पत्र टाकलं. ही जात या आवृत्तीपासून बंद. वापरणारं कोणी उरलेलं नाही. ओरेस्टचे आभार.

शनिवारी सकाळपर्यंत त्यावर त्रेसष्ट उत्तरं आली होती. कोणाला हा वारशाचा घात वाटत होता. कोणी लिहिलं होतं, की जुनं यंत्र नव्या यंत्रांत लपलेल्या चुका पकडतं, आणि हे खरंही होतं. एकाने विचारलं होतं, की आज हे, उद्या काय? असं यंत्र त्यांच्यापैकी एकाकडेही नव्हतं आणि ठेवायला जागाही कोणाकडे नव्हती, पण ओरेस्टवर सगळ्यांचा विश्वास होता. त्रेसष्टांपैकी अकरा पत्रं डेल्बर्ट नावाच्या एकाच माणसाची होती. अकराव्यात त्याने लिहिलं होतं, की असं काम हे एकट्या माणसाचं नसून प्रत्येकाचं कर्तव्य आहे, आणि मी स्वतः जवळच, रेड डियरला, राहत असल्याने ओरेस्टला केव्हाही हातभार लावायला तयार आहे.

दुपारी इव्हेटचं पत्र आलं. "बहुमत आहे. ठशांची यादी दुरुस्त केली. माफ कर."

तिला माफ करण्यासारखं काही नव्हतं. ओरेस्ट खाली जाऊन यंत्रासमोर बसला. फ्लॉपी आतच होती. एंटर दाबायला बोट पुढे झालंही, सवयीने. मग तो उठला, वर आला, आणि डेल्बर्टला एका ओळीचं पत्र लिहिलं. "रविवारी घरी आहेस का?"

डेल्बर्टने दहा मिनिटांत पत्ता पाठवला. भेट हा आपला सन्मान समजू, असंही लिहिलं.

रविवारी क्लिंट ढकलगाडी घेऊन तळघरात उतरला. "डेपो दोनला बंद होतो," तो म्हणाला.

"डेपो नाही. रेड डियर."

"दीड तास? अरे बाबा, याला भंगारवाला इथे फुकट घेतोय."

"तिथलाही फुकटच घेणार आहे."

ग्वेनने दार उघडं धरलं. यंत्र तिच्या समोरून गेलं. मग ती कोपऱ्याकडे बघून म्हणाली, "फरशीवरच्या लिनोलियमचा रंग असा होता तर."

डेल्बर्ट दारात कॉफीचा मग घेऊन उभा होता. पन्नाशीचा, नवा स्वेटर घातलेला. ट्रकमधून आधी ओरेस्ट उतरला, डेल्बर्टने हसून त्याचा हात हातात घेतला. मग क्लिंटने मागचं फळकूट पाडलं.

"हे काय?" डेल्बर्ट म्हणाला.

"कर्तव्य," ओरेस्ट म्हणाला. "गॅरेजमध्ये ठेवू की आत?"

"ओरेस्ट, माझ्या पाठीला..."

"माझीही दुखते. म्हणून याला आणलंय." त्याने क्लिंटकडे बोट दाखवलं.

डेल्बर्ट बराच वेळ यंत्राकडे बघत राहिला. अकरा पत्रं लिहिलेला माणूस बाराव्यात काय लिहिणार, हे तो मनात जुळवून पाहत असावा. मग त्याने कॉफी कठड्यावर ठेवली आणि गॅरेजचं दार वर सरकवलं. आत एक बर्फावरची मोटरगाडी होती. ती त्याने बाजूला घेतली. ओरेस्टने त्याच्या हातात फ्लॉपीचा डबा आणि एक केबल दिली.

परतीच्या वाटेवर क्लिंट म्हणाला, "मी दीड तास विचार करतोय. ते यंत्र करायचं तरी काय?"

"सिस्टिम बसवून घ्यायचं."

"आणि मग?"

"मग बसलेली असायची."

क्लिंटने रेडिओ लावला.

घरी रात्रीपर्यंत गोधडीची चौकट कोपऱ्यात उभी झाली होती. तीन वर्षांनी जेवणाच्या टेबलाचं लाकूड दिसत होतं. ओरेस्ट खुर्ची ओढून बसला, आणि फोनवर डेल्बर्टचं बारावं पत्र आलं. सगळ्या मंडळींना पाठवलेलं. सिस्टिम बसली, पण पहिल्यांदा सुरू होताना तासभर काहीच हलत नाही, काय करावं?

"कोण?" ग्वेनने ताट ठेवत विचारलं.

"रेड डियर."

ओरेस्टने या मंडळींत सगळे देतात तेच उत्तर लिहिलं, मॅन्युअल वाचावं. मग पाठवण्याआधी खाली आणखी एक ओळ घातली. सुरक्षेच्या चाव्या तयार होतायत, सव्वा तास लागतो, मधे बंद करू नकोस, जेवून घे.

मग फोन पालथा ठेवून तो जेवायला लागला.