भावोजींचा नंबर

प्रतिमाने कॉलिंग कार्डावरचा पिन दाबला, मग तो लांबलचक नंबर, आणि फोन कानाला लावून ती टेबलापाशी उभी राहिली. समोर फ्रान्सिस बसला होता, जॅकेट अजून अंगातच. तिच्या नवऱ्याच्या, गिरीशच्या लॅबमधला हा मुलगा एरवी आल्याआल्या चहा मागायचा. आज समोरच्या कपाला त्याने हातही लावला नव्हता.

"काकू, राहू द्या," तो म्हणाला. इथल्या मराठी मुलांचं ऐकून तोही तिला काकूच म्हणायचा. "आता ते मिनिस्टर आहेत."

"मिनिस्टर झाले म्हणून काय झालं? माणूस आपला आहे."

आपला म्हणजे अगदी घरातलाच. ओचाया सात वर्षं त्यांच्या वरच्या फ्लॅटमध्ये राहिले. आफ्रिकेतल्या आपल्या देशातून जीव मुठीत धरून पळालेले हे लेखक. अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये त्यांना आसरा मिळाला. तुरुंगात खितपत पडलेल्या माणसावरची ती गाजलेली कादंबरी त्यांनी वर बसून लिहिली, आणि लिहिणं अडलं की खाली येऊन प्रतिमाच्या हातची साबुदाण्याची खिचडी खाल्ली. तिला वहिनी म्हणायचे, ती त्यांना भावोजी. दोन हजार तीन साली तिकडे सरकार बदललं, ते परत गेले, निवडणूक जिंकले आणि आता गृहमंत्री होते. प्रतिमाला त्याचा कोण अभिमान! मंडळाच्या हळदीकुंकवात तिने किती जणींना सांगितलं असेल.

फ्रान्सिसही त्याच देशातला. त्याचा थोरला भाऊ पॅट्रिक पत्रकार. पोलीस कोठडीत मेलेल्या माणसांची नावं त्याने छापली आणि तेव्हापासून तो लपून बसला होता. सापडला तर परत दिसणार नाही, असं फ्रान्सिस म्हणाला, आणि प्रतिमाच्या तोंडून जे निघालं ते कुठल्याही मराठी घरात निघालं असतं. ओळख आहे ना, मग शब्द टाकून बघू की.

"वहिनी, तुम्ही?" आवाज तोच, खर्जातला, मायेचा. गिरीश कसा आहे, बर्फ किती पडलंय, सगळं विचारून झालं. मग तिने पॅट्रिकचं सांगितलं.

"बरं झालं मला सांगितलंत," ओचाया म्हणाले. "खालची माणसं काय करतील, माझ्याही हातात नसतं. तो आहे कुठे? मी माझी गाडी पाठवतो. वाटेत कोणी त्याला हात लावणार नाही."

तिने फोनवर हात ठेवला. "पत्ता विचारतायत. स्वतःची गाडी पाठवतायत, बघ."

फ्रान्सिस तिच्याकडे बघत राहिला. "त्यांचं पुस्तक मला पॅट्रिकनेच दिलं होतं," तो म्हणाला, आणि मग त्याने सांगितलं. तळ्याकाठच्या गावातला मिशनचा दवाखाना, मागच्या बाजूला नर्सचं घर. प्रतिमाने ते जसंच्या तसं फोनवर सांगितलं. फोन ठेवल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिने गार चहा ओतून दिला आणि नवा टाकला. या वेळी फ्रान्सिस तो प्यायला.

गाडी खरंच आली. पॅट्रिक आपल्या पायांनी तिच्यात बसला, नर्सला हात करून. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. प्रतिमा फोन करायची तेव्हा ओचाया दर वेळी उचलायचे, गोड बोलायचे. तो सुखरूप आहे, वहिनी, काळजी करू नका. तिसऱ्या आठवड्यात तिकडच्या सरकारने जाहीर केलं की पत्रकार पॅट्रिक कोठडीत आजारपणाने वारला.

"पत्ता तू दिलास?" गिरीशने एवढंच विचारलं.

"मीच मारलं त्याला," ती म्हणाली.

रविवारी सकाळी फ्रान्सिस आला. तो ओरडेल, नाही नाही ते बोलेल, असं तिला वाटलं होतं. बोलावंच, असंही वाटत होतं. तो त्याच खुर्चीवर बसला.

"आईला बॉडी हवीय," तो म्हणाला. "देत नाहीयेत. चर्चचे लोक जाऊन आले, वकील जाऊन आला. काकू, तुम्ही एकदा बोलता का?"

"मी?"

"तुमचा फोन ते उचलतात."

त्या माणसाला काय काय सुनवायचं हे ती रोज भांडी घासताना मनाशी जुळवत होती.

"भांडू नका," फ्रान्सिस म्हणाला. "प्लीज. नेहमीसारखं बोला."

गिरीशने खिडकीकडे तोंड फिरवलं. प्रतिमाने नंबर फिरवला. दुसऱ्याच घंटेला तो मायेचा आवाज आला.

तिने स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले, घसा साफ केला.

"भावोजी," ती म्हणाली, "तब्येत कशी आहे तुमची?"