फालेसीची मुलगी

छोटी तादाला पुढे येऊन पाहुण्यांसमोर उभी राहिली, तेव्हा फालेसी स्वयंपाकघराच्या दारात डोक्यावरचं माशांचं घमेलं उतरवत होती आणि मी खालून हात देत होते. घमेलं अर्ध्यावर आलं आणि ती तशीच थांबली.

अंगणातल्या झाडाखाली बालगृहाची मुलं रांगेत उभी होती. समोर खुर्च्यांवर नवे स्वयंसेवक बसले होते. आदल्या दिवशीच आलेले, नाकं उन्हानं लाल झालेली. त्यांच्या शेजारी आमच्या गावप्रमुख बाई बसल्या होत्या आणि मागे जमिनीवर गावातली माणसं. तादाला इंग्रजीत बोलली. बालगृहाचे व्यवस्थापक बाम्बो काफेरा, म्हणजे काफेरासाहेब, यांनी ते गावकऱ्यांसाठी आमच्या भाषेत सांगितलं.

"माझं नाव तादाला. मला आई नाही, वडील नाहीत. हेच माझं घर."

पाहुण्यांतल्या एका बाईनं डोळे पुसले. फालेसीनं घमेलं माझ्या हातांत सोडून दिलं.

मी त्या बालगृहात स्वयंपाकाला होते, अजूनही आहे. पाहुण्यांचं इंग्रजी मला तिथेच समजायला लागलं. माझं नाव एल्युबी. फालेसी आणि मी एकाच गावच्या, चिकोम्बेच्या, सरोवराच्या काठावरच्या. तिचा धंदा सुक्या माशांचा. होड्या उजाडताना उसिपा घेऊन येतात, बोटाएवढी चंदेरी मासळी. ती विकत घ्यायची, बांबूच्या मांडवांवर पसरायची, कडकडीत वाळली की बाजारात न्यायची. बाई तोंडानं फटकळ. होडीवाल्यानं ताजी मासळी वर आणि शिळी खाली घातली, तर ती सगळी टोपली त्याच्या पायांवर रिकामी करायची आणि वर म्हणायची, आता तूच नीट भर.

नवरा वायसन जोहान्सबर्गला कामाला गेला. आम्ही त्या शहराला जोनी म्हणतो. जोनीला गेलेली माणसं आधी पैसे पाठवतात, मग निरोप पाठवतात, मग काहीच पाठवत नाहीत. त्यातच एका वर्षी पूर आला आणि फालेसीचं घर बसलं. त्याच सुमाराला बाम्बो काफेरा गावागावांतून हिंडत होते. मुलगी आमच्याकडे राहील, शिकेल, पोटभर जेवेल, सुट्टीत घरी येईल, असं ते सांगत. आमच्याकडे मूल आईच्या घराण्याचं असतं आणि त्याच्याबद्दल शेवटचा शब्द मामाचा. फालेसीचा थोरला भाऊ जायलोसी यानं होकार दिला. थोड्याच दिवसांत तो बालगृहाच्या फाटकावर राखणदार म्हणून उभा राहिलेला दिसला. फालेसीनं ते मानून घेतलं. मुलीच्या पोटात अन्न जाणार होतं, आणि ते खरंच गेलं. मीच शिजवत होते.

पहिल्या सुट्टीत तादाला घरी आली. पुढच्या सुट्टीत नाही. काफेरांनी सांगितलं की पाहुणे सुट्टीतच येतात, मुलं इथे नसली तर ते कुणासाठी येणार? तेव्हा फालेसीनं बालगृहाला मासे पुरवायचं काम धरलं, बाजारापेक्षा स्वस्तात. मुलगी लांबून तरी दिसावी, एवढ्यासाठी. त्यातही अट होती. पाहुण्यांच्या देखत मुलीला जवळ घ्यायचं नाही, त्यांचा गोंधळ उडतो. फालेसीनं तेही मानलं. ती दर गुरुवारी यायची, माझ्या दारात बसून पाणी प्यायची आणि अंगणात दोरीवरून उड्या मारणाऱ्या मुलींकडे पाहत राहायची. त्या दिवशी मात्र मुलीच्याच तोंडून ती मेली.

तर फालेसी अंगणात उतरली. खुर्च्या आणि मुलांची रांग यांच्या मधून चालत गेली. चालताना ओले हात कमरेला गुंडाळलेल्या कापडाला, चितेंजेला, पुसत होती. काफेरा हसून पाहुण्यांना म्हणाले, ही आमची मासेवाली. फालेसी त्यांच्यासमोर उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही.

"बापाचं मला ठाऊक नाही, बाम्बो. तो जोनीला आहे, जिवंत आहे की नाही देव जाणे. त्याला मारलंत, माझी तक्रार नाही. पण मला का मारलंत? दर गुरुवारी तुम्हाला मासे आणून घालते मी. मेलेल्या बाईचे मासे खाता होय?"

मागे बसलेल्या गावकऱ्यांत कुणीतरी फिस्कन हसलं आणि लगेच गप्प झालं. काफेरा म्हणाले, आमाई, आपण कचेरीत बसून बोलू, पाहुणे आहेत.

"पाहुण्यांसमोरच मेले ना मी? मग त्यांच्यासमोरच जिवंत होते."

मारिट नावाची एक स्वयंसेविका बरेच महिने तिथे होती. मुलांना वाचायला शिकवायची, आमची भाषा थोडीफार बोलायची. तादाला तिची लाडकी. तिला अर्धं समजलं असावं. ती उठून काफेरांकडे आली आणि तिनं इंग्रजीत विचारलं, हे खरं आहे का? काफेरांनी शांतपणे उत्तर दिलं. ते काय म्हणाले, असं फालेसीनं वळून मला विचारलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्या हातांत ते घमेलं तसंच होतं.

मी म्हणाले, "म्हणतायत, आमच्यात मावशीलाही आईच म्हणतात. तू मुलीची मावशी आहेस."

यात खोटं एवढंच होतं की फालेसी मावशी नव्हती. बाकी रीत खरीच आहे, म्हणून तर ते खोटं इतकं गुळगुळीत वाटलं. फालेसी गावप्रमुख बाईंकडे वळली. तादालाच्या जन्माच्या वेळी याच बाईंनी फालेसीला धरून बसवलं होतं, नाळही त्यांनीच कापली होती. फालेसीनं त्यांना त्याची आठवण दिली आणि म्हणाली, आता तुम्हीच सांगा. बाईंनी आपल्या चपलांकडे पाहिलं. गावाला हातपंप मिळणार होता. बालगृहाच्या देणगीदारांनी तो कबूल केला होता आणि त्याची जागाही ठरली होती.

मग फालेसीनं मुलीचा हात धरला. तादालानं तो सोडवून घेतला. ती मारिटकडे पाहत होती. फालेसीचा चेहरा क्षणभर उतरलेला मी पाहिला. दुसऱ्या कुणाला दिसला नसेल.

"चल," ती मुलीला म्हणाली. "रागवायचं ते रागव. पण घरी येऊन रागव."

तिनं पुन्हा हात धरला आणि या वेळी सुटू दिला नाही. फाटकाला साखळी होती आणि साखळीपाशी जायलोसी. तो म्हणाला, तू हिला इथून नेलंस तर माझी नोकरी जाईल. मी तुझा थोरला भाऊ आहे, माझा शब्द मोडू नकोस.

"तुझी नोकरी तुला लखलाभ," फालेसी म्हणाली. "तुझा शब्द मी पाळला. दोन वर्षं पाळला. आता साखळी काढ. नाहीतर मी कुंपणावरून जाईन, आणि चितेंजे नेसलेल्या बहिणीला कुंपणावर चढताना बघायचं असेल तर बघ."

जायलोसीनं साखळी काढली. काढताना तो तिच्याकडे पाहत नव्हता. दुसऱ्या दिवशी फाटकावर नवा माणूस होता.

आठवडाभरात गावप्रमुख बाईंनी सभा बोलावली. हातपंप येणार नाही, असं बालगृहाकडून कळलं होतं. फालेसीचे मासेही बंद झाले होते, पण त्याची खंत कुणाला असणार? बायका चिडल्या होत्या. आजही आम्ही पाणी सरोवरातून आणतो आणि मुलांची पोटं बिघडतात, तेव्हा त्यांचा राग खोटा नव्हता. एकीनं विचारलं, तुझ्या एकटीच्या मुलीपायी सगळ्या गावानं का सोसायचं?

फालेसी मांडी घालून बसली होती, ती उठली.

"मी मेले तर गावाला पंप मिळतो, एवढंच ना? मग माझ्यावरच का? तुमच्यापैकी कुणीही मरा. मी रडायला येईन, मोठ्यानं रडेन. पण माझी मुलगी मला मेलेली म्हणणार नाही. हातपंपासाठी नाही, शाळेसाठी नाही, बालगृहातल्या अंड्यांसाठी नाही."

त्या बायकांमधल्या पुष्कळ जणींची मुलं बालगृहात होती. तिथली काही मुलं खरोखर पोरकी होती, त्यांना दुसरा आधार नव्हता. पण बहुतेकांच्या आया त्या दिवशी सभेतच बसल्या होत्या. गावप्रमुख बाईंनी सभा उरकली. फालेसीशी बोलायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, तरी दुसऱ्या दिवसापासून काठावर तिच्या मांडवाशेजारचे मांडव हळूहळू लांब सरकले.

मारिट सायकलवाल्याच्या मागे बसून तिच्याकडे आली तेव्हा मीही तिथे होते. तिनं तादालाचे कपडे, दप्तर आणि दात घासायचा ब्रश आणला होता. मुलगी तिला बिलगली आणि मारिट रडायला लागली.

"तिला सांग," फालेसी मला म्हणाली, "रडायचं तर तिकडे बाजूला रड म्हणावं. मासे वाळत घातलेत."

मी सांगितलं. मारिट रडता रडता हसली. मग तिनं माझ्यामार्फत फालेसीला विचारलं, मी काय करू शकते? फालेसीनं हातातली मासळी खाली ठेवली.

"तिला विचार, ती इथे आहे हे तिच्या आईला ठाऊक आहे का?"

ठाऊक आहे, मारिट म्हणाली. दर रविवारी फोन होतो.

"आई विचारते का, जेवलीस का, बरी आहेस का?"

विचारते.

"मग झालं तर. मलाही तेवढंच हवं होतं."

मारिटनं मान खाली घातली. फालेसीनं तिला हात धुवायला लावले आणि मक्याच्या पिठाचा न्सिमा आणि मासे वाढले, आणि ती सगळं संपवेपर्यंत समोरून हलली नाही. नंतर कचेरीत मारिटचं आणि काफेरांचं जोरात वाजलेलं मी ऐकलं. मुदत संपायच्या आधीच ती निघून गेली. पुढच्या सुट्टीत काही आया बालगृहाच्या फाटकावर येऊन उभ्या राहिल्या, मुलं घरी हवीत म्हणाल्या. काफेरांनी आधी टाळाटाळ केली, मग मुलं सोडली. आता पाहुणे आले की मुलं नुसती गाणी म्हणतात. पुढे येऊन कुणी काही सांगत नाही. फालेसीमुळे हे झालं असं कुणी म्हणत नाही, आणि तीही म्हणत नाही.

जायलोसी या वयात पुन्हा जाळी ओढायला लागला. बहिणीशी बोलणं बंद. फालेसी रोज त्याच्याकडे झाकलेली थाळी पाठवायची. थाळी रिकामी होऊन परत यायची, निरोप यायचा नाही. जेवतोय ना, मग बोलेल कधीतरी, असं ती म्हणायची.

पण तादाला जेवत नव्हती. शनिवारी अंडं मिळायचं, गादी होती, दिवा होता, असं ती सारखं सांगे. गावच्या शाळेत एका वर्गात इतकी मुलं की खिडकीत बसावं लागे. घरी तिचं काम ती करायची, मासे पालथे घालायची, पण आईला हाक मारायची नाही. काही हवं असलं तर जवळ येऊन उभी राहायची. फालेसीनं कधी बळजबरी केली नाही. मी एकदा म्हटलं, जरा गोड बोल तिच्याशी. त्यावर ती म्हणाली, "तिला शिकवलं होतं की मी नाही म्हणून. मी आहे हे रोज बघू दे तिला. गोड बोलून काय होणार आहे?"

मग थंडीच्या दिवसांतली एक दुपार. आकाश स्वच्छ होतं, काठभर मासळी पसरलेली होती आणि आम्ही बायका पाण्यात कपडे धूत होतो. म्वेरा वारा दक्षिणेकडून येतो आणि आधी सांगून येत नाही. पाणी एकदम काळं पडलं आणि मांडवांवरचे मासे उडायला लागले. तादाला एकटीच फालेसीच्या मांडवापाशी होती. तिनं दोन्ही हात आणि छाती मासळीवर टाकली, तरी बाजूनं मासळी उडतच होती.

"आमाई!" ती ओरडली.

आमाई म्हणजे आई, पण आमच्याकडे कुठल्याही बाईला आमाईच म्हणतात. आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. फालेसीनं मात्र केली नाही. ती कापड पिळत राहिली. आपल्याला कुणी हाक मारेल याची तिला सवयच उरली नव्हती.

"माझी आमाई!" मुलगी पुन्हा ओरडली, वाऱ्यावरून. "फालेसी! अगं, लवकर ये!"

फालेसीच्या हातातलं कापड लाटेबरोबर गेलं. ती पाण्यातून धावत निघाली, गुडघ्यापर्यंत भिजलेली. मांडवापाशी पोचली, मुलीच्या शेजारी मासळीवर ओणवी झाली आणि धापा टाकत म्हणाली, "ओरडू नकोस. ते टोक धर."

मग दोघींनी जाळं ओढून मासळीवर पसरलं आणि त्याची टोकं दगडांनी दाबली. आधी एक टोक, मग दुसरं. आम्हीही धावलो, आपापल्या मांडवांकडे.