पिवळ्या पिशवीचा कोपरा

मी एक पिशवी बोलतेय. कापडी, पिवळी, पोटावर मधमाशीचं चित्र असलेली. पिवळी हे आता सांगावं लागतं, धुऊन धुऊन माझा रंग पार विटला आहे.

एका ताग्यातून माझ्यासारख्या शेकडो बहिणी कापल्या गेल्या. आमच्यात कोण कोणती, हे शिवणाऱ्या बाईलाही सांगता आलं नसतं. मधमाश्या पाळणाऱ्यांची मोठी परिषद भरणार होती आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर आमच्यातली एक जाणार होती.

मी ज्याच्या वाट्याला आले तो मधपाळ म्हातारा होता, अबोल. मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "एका रंगाच्या इतक्या पेट्या मांडल्या तर माश्या घर चुकतील की." घरी तो प्रत्येक पेटीला वेगळा रंग द्यायचा, परतणाऱ्या माशीला आपलं दार ओळखू यावं म्हणून. दोघं हसली आणि ती गोष्ट तिथेच विसरली.

बायकोचं परिषदेत काही काम नव्हतं. तिची नजर विझत चालली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. दिसतंय तोवर एकदा मोठं शहर बघू, एवढंच तिने नवऱ्याकडे मागितलं होतं. माणसं तिला दिसत नसत, नुसते रंगांचे डाग दिसत. भाषणं संपली की दोघं बाहेर पडत. नदीवरचा पूल, घड्याळाचा मनोरा, काचेची दुकानं. तो दाखवायचा, ती "हो, दिसतंय" म्हणायची.

हात पुढे केला की मात्र झिडकारायची. "या वयात हात धरून फिरायचं? पिशवी पाठीवर टाका. तुमच्या पिवळ्या डागामागे येते मी बरोबर."

शेवटच्या दुपारी सगळ्या परिषदेलाच शहर दाखवायला नेलं. चौकात बस रिकाम्या झाल्या. जिकडे बघावं तिकडे माझ्या बहिणी. म्हातारा आपल्या सवयीने पुढे चालत राहिला. चौकाच्या कडेला एक फुललेलं झाड होतं आणि त्यावर माश्या घुमत होत्या. त्याचे पाय थबकले. "अगं, इथेही आहेत बघ," म्हणत तो वळला.

मागे कोणी नव्हतं.

माणूस इतका पळू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. पुलावर, दुकानांतून, पुन्हा पुलावर. मी त्याच्या कमरेवर आपटत होते. पिवळी पिशवी दिसली की तिच्यामागे कोणी चालतंय का ते बघायचं आणि पुढच्या पिशवीकडे धावायचं. मला वाटलं, ओरडावं, मी इथे आहे म्हणून. पण पिशवीला तोंड असतं ते फक्त भरायला.

पोलिसाने त्याला धरून उभं केलं आणि विचारलं, "आजोबा, अंगावर कपडे कुठल्या रंगाचे आहेत त्यांच्या?"

म्हाताऱ्याला आपल्या एकूण एक पेटीचा रंग पाठ होता. बायकोचा आज सकाळचा रंग काही केल्या आठवेना.

"मग ओळखायचं कसं?"

"तीच ओळखते मला," तो म्हणाला आणि माझ्यात तोंड खुपसून रडला. त्याचा श्वास अजून माझ्या शिवणीत आहे.

रडता रडताच त्याला ते सुचलं. पेटी हलली की माशी जुन्या जागेवरच येऊन घिरट्या घालते. आणि इथे पेटीच गावभर पळत सुटली होती. तो उठला आणि त्या झाडाखाली जाऊन उभा राहिला.

मला दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. बसवाले हाका मारून गेले, तो हलला नाही. बहिणी एकेक करून निघून गेल्या. ऊन उतरलं तशी वरची गुणगुण विरळ होत गेली. तो वर बघून पुटपुटत होता, "थांबा गं, एवढ्यात नका जाऊ."

जेमतेम पाच-सहा माश्या उरल्या असतील, तेव्हा एक घामाघूम गृहस्थ तिला घेऊन आला. त्याच्याही खांद्यावर पिवळी पिशवी.

ती त्याच्यामागून पूल ओलांडून मनोऱ्यापर्यंत गेली होती. सगळी वाट त्या पाठीशी बोलत. तो वळला तेव्हा तिला चूक कळली. मग म्हणाली, दादा, जिथे झाडावर माश्या घुमत होत्या तिथे मला सोडा, आमचे हे तिथून हलायचे नाहीत.

"काय बोलत होतीस एवढं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तुम्हाला सांगायचं होतं ते. मनोरा मला दिसलाच नाही हो. पूलही नाही. आता पिवळाही विझायला लागलाय."

म्हाताऱ्याने मला खाली घेतलं आणि माझा कोपरा तिच्या मुठीत दिला. तो तिने झिडकारला नाही.

तेव्हापासून माझा कोपरा तिच्या मुठीत असतो. विहिरीवर, पेट्यांपाशी, दुकानात. तिला आता काहीच दिसत नाही, माझा रंग उडालाय हेही दिसत नाही. हात धरायला मात्र अजून लाजते.

पण मुठीतल्या घामाने माझी शिवण कुजली आहे. कोपरा उसवत चालला आहे, रोज एकेक टाका. म्हाताऱ्याला सुईत दोरा ओवता येत नाही आणि तिला तर सुईच सापडत नाही. वाटेत कुठे ही दोघं दिसली, तर त्यांना क्षणभर थांबवा आणि मला दोन टाके घाला. घट्ट घाला. दुसऱ्या टोकाला ती आहे.