हे तू लिहिलंस का?

माझ्या वर्गातल्या महामायाच्या प्रकल्पावर उत्तमराव सरांनी लाल पेनानं शून्य टाकलं आणि खाली लिहिलं, ‘मशीनकडून लिहून घेतले आहे. मशीनने कबूल केले.’ ते वाचून माझं डोकंच फिरलं. कबूल केलं म्हणे. ठाण्यात नेऊन बसवलं होतं की काय त्याला?

ही भानगड कुठून सुरू झाली ते सांगते. विद्यापीठानं ठरवलं की प्राध्यापकांना एआय शिकवायचं, म्हणजे ते शिकवताना नीट वापरतील. चांगलीच गोष्ट. प्रत्येक कॉलेजातून एकाला बोलावलं. आमच्याकडून मी गेले, कारण मी सगळ्यांत नवी, आणि असल्या ठिकाणी नव्यानंच जायचं असतं. तिथं मी मन लावून शिकले आणि परत येऊन आमच्या प्राध्यापकांची कार्यशाळा घेतली. बॅनर लागला, दीपप्रज्वलन झालं, मग फोटो. ज्याच्या खाली जागा, तारीख, वेळ छापून येते तो फोटो. कॉलेज तपासायला समिती येते, तिला तोच दाखवायचा असतो. फोटो निघाला, पोहे झाले, चहा झाला आणि हॉल रिकामा. पुढं मी खुर्च्यांना शिकवलं.

उत्तमराव सर तेवढे थांबले. समाजशास्त्राचे विभागप्रमुख, म्हणजे माझे वरिष्ठ. त्यांना गॅदरिंगसाठी भाषण लिहून हवं होतं. मी फोनवर करून दाखवलं. सर खूश. “हे तं लय कामाचं हाय, मॅडम,” म्हणाले. तेव्हाच मी त्यांना बजावलं होतं की सर, पोरांचं लिखाण टाकून ‘हे तू लिहिलंस का’ असं या एआयला विचारू नका. त्याला ते कळत नाही. विचारणाऱ्याचा कल बघून ते हो ला हो म्हणतं. सरांनी मान हलवली. लक्ष सगळं प्रिंटरकडे होतं, भाषण बाहेर येत होतं ना.

वर्ष संपताना बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प आले. आमच्याकडे प्रकल्प कसे होतात ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं मागच्या वर्षीच्या फायली असतात, त्याच्या मागच्या वर्षीच्याही असतात. पोरं जातात, पहिल्या पानावर आपलं नाव टाकून घेतात, स्पायरल बांधतात आणि आणून देतात. ‘ग्रामीण भागातील व्यसनाधीनता’ तर मला तोंडपाठ झालंय. सर स्पायरल उघडतसुद्धा नाहीत. वरच्या वर गुण टाकतात, सगळ्यांना साधारण सारखे. पोरं खूश, सर खूश, दुकानदार सगळ्यांहून खूश.

महामायानं खरंच लिहिलं. हाच तिचा गुन्हा. धाड गावच्या आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांवर तिनं प्रकल्प केला. तिची आई सिंधूताई त्यांच्यातलीच एक. महामाया वर्षभर दर बाजाराला जाऊन त्या बायकांशेजारी बसली, त्यांच्याशी बोलली, घरी येऊन लिहून काढलं. आता तिचं लिहिणं इतकं स्वच्छ कसं, तर तिचे आजोबा कचरू यांची नजर गेलेली. लहानपणापासून ती त्यांना रोज पेपर मोठ्यानं वाचून दाखवते, अग्रलेखासकट. आजोबा मध्येच थांबवून अर्थ विचारतात, सांगावा लागतो. तशी पोरगी बोलते मात्र घरचंच, मले-तुले.

तिची फाईल झेरॉक्सच्या दुकानातली दिसेना म्हणून सरांनी तेवढी एकच उघडली. पहिली दोन पानं फोनमध्ये टाकली आणि जे विचारू नका म्हटलं होतं तेच विचारलं. ते हो म्हणालं. झालं, शून्य. प्रकल्पात शून्य म्हणजे पोरगी नापास, आणि पुढं एम.ए.ला जायचं म्हणत होती तेही बुडालं.

मी तिला सोबत घेऊन सरळ प्राचार्य वामनरावांच्या केबिनमध्ये गेले. उत्तमराव सर तिथंच चहा पीत बसले होते.

“सर, मी नको म्हणाले होते, तेच केलंत तुम्ही,” मी म्हटलं.

“मॅडम, त्यानं सोताच्या तोंडानं हो म्हटलं. अन् वापरा म्हून तुमीच तं शिकवलं.”

“बाकीच्यांचे टाकून पाहिले?”

“ते काऊन टाकू? ते नेहमीचेच हायत. हे पाहा ना, काय भाषा हाय. ही पोरगी मले-तुले बोलते अन् लिहिते अशी?”

“तुम्हीही आत्ता तसंच बोलताय, सर. आणि लिहिता कसं?”

“माझं येगळं हाय.”

वामनरावांच्या कपाटात कॉलेजची जुनी वार्षिक नियतकालिकं होती. त्यातलं एक मी ओढून काढलं. हे एआय जन्माला यायच्या कितीतरी आधीचं, उत्तमराव सरांच्या संपादकीयाचं. सरांचाच फोन मागून घेतला, पानाचा फोटो टाकला आणि सरांनी विचारलं होतं तसंच विचारलं, हे तू लिहिलंस का. फोननं अदबीनं उत्तर दिलं की हो, हा मजकूर मीच लिहिला आहे, त्यात काही बदल हवे आहेत का? मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. वामनरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

उत्तमराव सर खवळले. “तवा हे होतं तरी कुठं? झूट बोलून राह्यलं ते.”

“आणि हिच्या वेळी खरं बोललं?”

“मी लिहू शकतो हे साऱ्या जिल्ह्याले मालूम हाय. धाडच्या वस्तीवरची पोरगी असं लिहीत असते काय?”

वस्तीवरची. वस्ती म्हणजे कोणती ते केबिनमधल्या चौघांनाही समजलं. महामायानं मान खाली घातली नाही, पण तिच्या हातातली ओढणी पिळून पिळून दोरीसारखी झाली होती. मला इतका संताप आला की फोन टेबलावर आदळला. यंत्राला दोष कशाला द्यायचा? सरांनी फाईल उघडली तेव्हाच निकाल लागलेला होता. यंत्राकडून फक्त सही घेतली.

वामनरावांना भांडण मिटवायची घाई. “जाऊ द्या, उत्तमराव. पासापुरते देऊन टाका. पोरीचं वर्ष वाचलं, विषय संपला.”

“मले पासापुरते नोको, सर,” महामाया पहिल्यांदाच बोलली. “सरांनी ते वाचलं काय, एवढंच सांगा.”

सरांनी टेबलावरची फाईल कोपरानं बाजूला सारली.

“वाचा,” मी म्हटलं. “आत्ता, इथं बसून.” माझी नेमणूक दरवर्षी नव्यानं होते, आणि तिच्यावर विभागप्रमुखाची सही लागते. ते माहीत असूनही म्हटलं, कारण गप्प बसले असते तर स्वतःचीच किळस आली असती. “नसेल वाचायचं तर बाकीचे सगळे स्पायरल इथं आणते, नावाची पानं उलटते आणि आतल्या एकसारख्या पानांचे फोटो विद्यापीठाला पाठवते. खाली जागा, तारीख, वेळ छापलेले.”

वामनरावांचा चेहरा पडला. “वाचा हो, उत्तमराव,” ते हळूच म्हणाले.

सरांनी फाईल जवळ ओढली. पहिलं पान भराभर उलटलं, दुसरंही. तिसऱ्यावर हात थांबला. बाजारच्या दिवशी बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, असं तिथं लिहिलं होतं. जायला आडोसा नाही म्हणून. पुढं गिऱ्हाइकांबद्दल होतं. भाव करून झाला की वरून मूठभर मिरची फुकट उचलणारी माणसं, आणि ती उचलताना त्यांची नजर बाईकडे नसते, हेही तिनं टिपलेलं होतं. सर त्याच बाजारातून वर्षानुवर्षं भाजी आणतात. ते पान त्यांनी दोनदा वाचलं. वामनरावांनी दोन वेळा घड्याळ बघितलं, पण कोणी उठलं नाही. महामाया उभीच होती, तिला बस म्हणायचं कोणाला सुचलं नाही, मलासुद्धा नाही.

शेवटचं पान झालं. सरांनी फाईल मिटली आणि तिच्यावर तळहात ठेवला.

“चांगलं लिहेल हाय,” ते म्हणाले. मला वाटलं, सुटलो एकदाचे. सर पुढं वाकले आणि आवाज मऊ करून त्यांनी तिला विचारलं, “पन आता खरं सांग. कोनाची मदत घेतली?”

महामायानं टेबलावरचा फोन उचलला, बंद केला आणि त्यांच्यासमोर पालथा ठेवला.

“सर, इतका वेळ मले वाटे, हे डबडंच चुकून राह्यलं,” ती म्हणाली. “आता तं ते बंद हाय. आता तुमीच विचारून राह्यले.”

उत्तमराव सरांनी वामनरावांकडे बघितलं. वामनरावांनी लाल शून्याचं पान त्यांच्यासमोर उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं.