मास्तरांची ओळ

“कवळी घालून वाजवू की काढून, तेवढं आधी ठरवा,” ट्रम्पेट मांडीवर आडवा ठेवीत वाघोबा म्हणाले.

“घालूनच. फोटोही काढायचाय,” मास्तरांची लेक म्हणाली. सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. शिवणकामाचे दुकान तिने आज गिऱ्हाइकांना बंद ठेवले होते. यंत्रे भिंतीला सारली होती, आणि अर्धवट शिवलेले कोट, झगे, अस्तराचे तागे चहूकडे टांगले होते. संगीत-संग्रहालयातून आलेल्या ध्वनिमुद्रकाने खोलीत एक टाळी वाजवून पाहिली आणि तो प्रसन्न झाला.

“ताई, आवाज जराही घुमत नाही. आमच्या स्टुडिओनं लाजावं अशी खोली आहे.”

“मग लाजू द्या त्याला. तुम्ही यंत्र मांडा,” ती म्हणाली. तिला हसू आवरत नव्हते.

मास्तर म्हणजे तिचे वडील. जन्मभर ते बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत आले आणि स्वतः रचलेली गाणी त्या बँडला शिकवीत आले. त्यांतले एक गाणे बँडचे कुंपण ओलांडून गावाच्या तोंडी बसले. आया ते अंगाईसारखे म्हणत, दूधवाले शीळ घालून वाजवीत. परंतु गाण्याचे भाग्य आणि गाणे करणाऱ्याचे भाग्य एकच असते असे नाही. जे सर्वांचे होते, ते कोणाचे म्हणून कोणी विचारीत नाही. संग्रहालयात त्या गाण्यापुढे ‘पारंपरिक’ असे लिहिले होते.

लेक तेथे जाऊन भांडली होती. ध्वनिमुद्रक माणूस सरळ होता. “मुखडा मलाही येतो, ताई. तो येतो म्हणून काही तो माझ्या वडिलांचा होत नाही. पण अंतरा कुणालाच येत नाही. तो तुम्ही उभा करून दाखवा. मास्तरांचं नाव मी स्वतः घालतो.”

येथेच खरी अडचण होती, आणि ती मास्तरांनीच स्वहस्ते निर्माण केलेली होती. दुसरे बँड चाली उचलून नेत, म्हणून ते प्रत्येक वादकाला त्याचा भाग वेगळा बोलावून, तोंडाने म्हणून शिकवीत. कागदावर काही लिहीत नसत. कोणी फितूर झालाच, तर त्याने आपला तुकडा न्यावा. गाणे नेऊ नये. हा अंतराही त्यांनी असाच वाटून दिला होता. युफोनियम या जाड आवाजाच्या वाद्याचा पाया नानांना दिला, ओळींच्या शेवटचे प्रतिसाद वाघोबांना दिले आणि लेकीला शब्द पाठ करविले. चाल स्वतःजवळ ठेवली. योग्य प्रसंगी सगळे एकत्र करू, असे ते म्हणत. प्रसंग येण्यापूर्वी तेच गेले. तो अंतरा एकत्र असा कधी वाजलाच नव्हता.

आता त्या बँडमधले हे दोघेच उरले होते, आणि त्यांचे विळ्याभोपळ्याचे सख्य होते. वाघोबा एकदा दुसऱ्या बँडला जाऊन मिळाले होते. नानांनी ते अजून गिळले नव्हते.

“काय रे, पळालास तेव्हा काय नेलंस?” युफोनियम पुशीत नाना म्हणाले. “शेपूट.”

“शेपूट तर शेपूट. जपलंय ना?” वाघोबा म्हणाले. “तुझं काय? घरात नुसतं पोंऽ पोंऽ. सुनेला वाटत असेल, सासऱ्याला उचकी लागलीय.”

“वाटतंच तिला. रोज सकाळी पाणी आणून देते.”

लेकीने दोघांकडे पाहिले. म्हणजे मास्तर गेल्यापासून हे दोघेही आपापल्या घरी, त्या निरर्थक वाटणाऱ्या तुकड्यांचा नित्यपाठ करीत होते तर.

“नाना, तुम्ही सुरू करा,” ती म्हणाली.

नानांनी पाया धरला. पहिल्या ओळीची लांबी संपता संपता वाघोबांचा ट्रम्पेट उतरला, आणि काजात बटण बसावे तसा बसला. दुसऱ्या ओळीवर पुन्हा तसेच. एकमेकांपासून लपवून शिकविलेले, एकमेकांशी अबोला धरून जपलेले ते दोन तुकडे एका अंगाचे निघाले. ध्वनिमुद्रक उठून उभा राहिला.

“हे जुळवून आणता येत नाही,” तो म्हणाला. “ताई, नाव पक्कं समजा. आता शब्द म्हणून बघा. शेवट कुठे उतरतो ते तर हेच सांगताहेत.”

तिने शब्द आधी यंत्रात नुसते बोलून ठेवले होते. आता ती गाऊ लागली. ‘हाती दिवा नसला तरीही पावलांस ठाऊक वाट.’ पाया तिला खालून वाट दाखवीत होता, ट्रम्पेट मुक्काम दाखवीत होता. जरा चाचपडताच ओळ आपोआप घरी आली. दुसरी आली. चौथीही आली. वाघोबांची कवळी मध्येच घसरली, तेव्हा नाना इतके हसले की त्यांना खरोखरीच उचकी लागली.

तिसरी मात्र येईना. तेथे नाना एकच सूर धरून राहत, आणि वाघोबांना काहीच नव्हते.

“मास्तर म्हणाले होते, तिसरीला तू गप्प बस, तिथे मी आहे,” वाघोबा म्हणाले.

मग ध्वनिमुद्रक मृदूपणे म्हणाला, “तुम्हीच बसवा ना, ताई. रक्त त्यांचंच आहे. कुणाला कळणारही नाही.”

तिच्या गळ्यात चाल आली होतीच. तिने ती ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिली. सुंदर होती. दुसऱ्या आणि चौथीच्या मध्ये शिवण दिसू नये इतकी ती बेमालूम बसत होती.

“नको,” ती म्हणाली. “ठिगळ छान बसतंय हो, म्हणूनच नको. उद्या माझं कुठलं नि बाबांचं कुठलं, ते ओळखायचं कुणी?”

“मग तिसरी ओळ?”

“रिकामी ठेवू. जागा त्यांची आहे.”

नानांनी मान हलविली. वाघोबांनी कवळी नीट बसविली. ध्वनिमुद्रकाने यंत्र सुरू केले आणि प्रथम मास्तरांचे नाव, वडिलांच्या नावासकट, स्पष्ट उच्चारले. दोघे म्हातारे खांद्याला खांदा लावून उभे राहिले. मुखडा झाला. अंतऱ्याची पहिली ओळ गेली, दुसरी गेली. ती मोकळ्या गळ्याने गात होती.

तिसरी ओळ आली. तिने ओठ मिटले. नानांचा एकच सूर खोलीभर पसरून राहिला. वाघोबांनी ट्रम्पेट खाली घेतला. मग एकमेकांकडे न पाहताच दोघेही किंचित बाजूला सरकले आणि मध्ये एका माणसापुरती जागा झाली. क्लॅरिनेट वाजविणाऱ्याला हातांची कोपरे मोकळी लागतात.