आधी एक दार लावा

जुन्या स्लीपरच्या तळव्यातून कापलेली एक नाव. सव्वा बादली पाणी. ‘हात लावू नये’ अशी पाटी. चाळीस शेळ्या. माझ्याच काठावर फोडलेला नारळ.

गोंधळलात ना, मित्रांनो? मी सहा वर्षं गोंधळलेलाच आहे.

मी एक जुना कालवा आहे. लांबी चार फूट. केजच्या सोमेश्वर सुताराने लाकडी चौकटीत पत्रा ठोकून मला बनवलं. माझा एक भाग उंच, दुसरा सखल, आणि मध्ये एक लहानशी खोली. तिला दोन्ही बाजूंनी वर सरकणारी दारं. रेल्वे आणि मोटारी नव्हत्या तेव्हा काही देशांत धान्य, कोळसा नावांतून कालव्याने जाई. चढ आला की नाव अशा खोलीत घ्यायची. खालचं दार लावायचं. मग वरचं उघडायचं. खोली पाण्याने भरते, नाव वर येते. एवढंच! एक दार लावा, मग दुसरं उघडा.

कुणी ऐकेल तर शपथ.

अंगद सर मला जीपच्या टपावर बांधून शाळाशाळांतून नेतात. कार्यशाळेचं नाव ‘स्वतः करून पाहू’. आणि मुलांनी मला मोडू नये म्हणून कार्यशाळा चालवणाऱ्या संस्थेने माझ्या गळ्यात ‘हात लावू नये’ची पाटी अडकवलेली. करून पाहतात ते पाहुणे. त्यांना घाई असते, फोटोवाला ताटकळलेला असतो. दोन्ही दारं एकदम उचलतात. पाणी धो धो खाली, नाव उलटी, बूट ओले. वर म्हणतात, “मॉडेल बिघडलंय.”

मी बिघडलोय?

परवा चौसाळ्याच्या पुढच्या एका शाळेत संस्थेचे अध्यक्ष आप्पाराव आले. त्यांनी आधीच बजावलं होतं, “अंगद, आज नाव चढली न्हाई तर हे पत्रं भंगारात. कार्यशाळा बी बंद.”

नारळ फुटला. आप्पारावांनी दोन्ही दारं उचलली. नाव थेट खालच्या घमेल्यात.

“आप्पा, आधी एक दार...” सर पुटपुटले.

“मला शिकवतो व्हय बे? आख्खी संस्था चालवतो म्या. घाल भंगारात.”

सहावीतली तेजश्री म्हणाली, “सर, आमाला एकदा करू द्या की.”

“पाटी वाच,” आप्पाराव म्हणाले.

तेवढ्यात शाळेची खिचडी शिजवणारी चतुराबाई हातातल्या डावासकट आली. घरी ती चाळीस शेळ्या पाळते.

“आप्पा, दोनी दारं संगं कावून उघडली? माज्या करडांच्या खोलीला बी दोन दारं हायत. भायेरचं लावल्याबिगर आतलं उघडत न्हाई मी. एकडाव इसरले, तर समदी करडं आयांला जाऊन लुचली. सांच्याला च्याला दूध न्हाई!”

पोरं खदखदली.

“लई शहाणी. मग तूच दाखव.”

“मी कावून? माजी खिचडी लागंल खाली. पोरांनला करू द्या.”

जाताना तिने माझ्या गळ्यातली पाटी काढली आणि चुलीला वारा घालायला नेली.

सरांनी वरच्या भागात पुन्हा सव्वा बादली पाणी ओतलं. तेजश्रीने नाव खोलीत ठेवली, खालचं दार लावलं, वरचं हळूहळू उचललं. पाणी आत आलं. नाव बोटभर चढली. मग दोन बोटं. मग सरकत वरच्या पाण्यात गेली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सगळे उकिडवे बसून बघत होते. आप्पारावही.

“परत एकदा,” म्हणत त्यांनी खालच्या दाराला हात घातला.

“थांबा आप्पा! आधी वरचं लावा,” तेजश्री म्हणाली.

आप्पाराव थांबले. सहा वर्षांत थांबलेला हा पहिला पाहुणा. भंगाराचं नाव पुन्हा निघालं नाही.

मित्रांनो, मला कोरडं पुसून ठेवा, दारांच्या खाचांना मेण लावा. पण त्याआधी मला हात लावा. हाताळून झिजलो तर चालेल. पाटी मिरवत गंजायचं मला नाही.

सोमेश्वर सुताराने मला बनवलं त्या दिवशी त्यानेही दोन्ही दारं एकदमच उघडली होती.