पडद्यापलीकडची इल्का

झुबेदानं कोळंबीची शेपटी चिमटीत धरली आणि हात थांबवला. बाहेरच्या खोलीतून आधी जोरकस 'ठाक' ऐकू आला, मग नुसतंच हलकं 'सप्प', आणि पाठोपाठ प्रेक्षकांचा गलका.

"इल्काचा पॉइंट," ती पुटपुटली आणि एका ओढीत साल काढलं.

"दादी, इल्काचा पॉइंट!" पडद्यापलीकडून तिची नात यूम्ना ओरडली, तोवर झुबेदा पुढच्या कोळंबीवर गेली होती.

पनवेलच्या त्या घरात बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नव्हतं, फुलाफुलांचा पडदा होता. इल्का कुठल्याही मोठ्या स्पर्धेत उतरली की त्या पडद्याची सरहद्द व्हायची. पलीकडे टीव्ही, यूम्ना आणि झुबेदाचा नवरा बद्रुद्दीन. अलीकडे एकटी झुबेदा. नऊ वर्षांपूर्वी इल्का पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचली होती, शेवटच्या सेटमध्ये पाच-दोननं पुढे होती, आणि नेमकी तेव्हा झुबेदा चहाचा ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. तिथून इल्का ओळीनं पाच गेम हरली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, पण बद्रुद्दीननं दोष कावळ्याला दिला तो दिलाच. पाच वेळचा नमाजी माणूस. आपल्या मजहबात शकुन-अपशकुन नाही, असं शेजारपाजाऱ्यांना ऐकवणारा. मांजर आडवं गेलं तर त्याच्याशी दोन शब्द बोलून पुढे जाणारा. पण इल्का कोर्टावर आली की त्याला आपली बायको पांढऱ्या पायाची वाटायला लागायची.

टेनिसचं वेड घरात त्यानंच आणलं होतं. वीस वर्षं दोह्याच्या एका क्लबात खांबांवर चढून त्यानं कोर्टाचे दिवे बदलले आणि वरून फुकटात खेळ पाहिला. परत आला तो हे वेड घेऊनच. त्याच्याकडून ते झुबेदाला लागलं आणि तिला जरा जास्तच चढलं.

इल्कावर तिचा जीव होता. छत्तीस वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टी, समोरच्या पोरी तिच्यापेक्षा दुप्पट जोरानं मारणाऱ्या. ही आपली एका हातानं बॅकहँड अशी अलगद कापायची की चेंडू पलीकडे जाऊन उठायलाच विसरायचा. मोठा कप कधी मिळाला नाही. झुबेदाला मात्र कपापेक्षा दुसरीच गोष्ट आवडायची. सामना हरल्यावरसुद्धा इल्का खुर्चीवरचा टॉवेल उचलायची, त्याची नीट चौकोनी घडी करायची, ती खुर्चीवर ठेवायची आणि मगच जायची. बाकीच्या पोरी रॅकेट आपटतात, टॉवेल भिरकावतात. ही बाई कुठल्यातरी चांगल्या घरची असणार, असं झुबेदाचं पक्कं मत होतं.

ती घडी तिनं पाहिली होती ती पडदा बोटभर सरकवून. हायलाइट्समध्ये घडी दाखवत नाहीत.

म्हणूनच आज सकाळी तिनं विचारलं होतं, "आज शेवटचा सामना आहे तिचा. यानंतर ती खेळणार नाही. आज मी बसू का?"

"आजच?" बद्रुद्दीनचा चेहरा उतरला होता. "कप हाताशी आलाय तिच्या, झुबेदा. उद्या हायलाइट्स बघ. दहा वेळा बघ."

झुबेदा पिशवी घेऊन घराबाहेर पडली होती. बाजारात जाऊन किलोभर कोळंबी घेऊन आली होती.

आता पहिला सेट गेला होता, दुसरा इल्कानं खेचून आणला होता आणि तिसऱ्यात ती पाच-चार अशी पुढे होती, सर्व्हिस तिचीच. झुबेदाच्या मांडीवरच्या पातेल्यात जेमतेम मूठभर कोळंबी सोलून झाली होती. आवाजांवर कान ठेवून हात कसे चालणार?

"चॅम्पियनशिप पॉइंट!" यूम्ना किंचाळली.

तेवढ्यात पडदा हलला आणि बद्रुद्दीन आत आला. कपाळावर घाम होता.

"तुम्ही इकडे कुठे? जा, बघा!"

"नाही." त्यानं पाट ओढला आणि पडद्याला पाठ लावून वाटेतच बसला. "आज तू डोकावणार नाहीस. मी बसतो इथे."

झुबेदा त्याच्याकडे बघत राहिली. इल्का हरली की दर वेळी तो विचारायचा, "डोकावलीस ना?" कधी ती डोकावलेली असायची. कधी नसायची, तरी हो म्हणून टाकायची, वाद मिटायचा. पण नऊ वर्षं ज्या पॉइंटची वाट पाहिली तो सोडून हा माणूस राखण करायला आला होता. तिला राग आला, आणि त्याची कीवही आली.

"मग गप बसा," ती म्हणाली. "ऐकू द्या."

बाहेर शांतता झाली. चेंडू आपटल्याचा आवाज, एकदा, दोनदा, तीनदा.

"तीनदा आपटते ती. आता सर्व्हिस," झुबेदा म्हणाली. "परत आला. हे ऐकलंत? सप्प. तिचा बॅकहँड. ती दुसरी धावतेय, बूट करकरले बघा. परत सप्प…"

मग एक बारीक, बोथट आवाज, आणि हजारो माणसांचा सुस्कारा.

"जाळी," झुबेदा म्हणाली.

बद्रुद्दीन तिच्याकडे पाहत होता. खांबावरून, टीव्हीवरून, इतकी वर्षं त्यानं टेनिस पाहिलं होतं. ते असं ऐकता येतं हे त्याला माहीत नव्हतं. पुढचा अर्धा तास तो जागचा हलला नाही. झुबेदा सांगत गेली, पाठोपाठ यूम्ना ओरडत गेली, आणि दोघींचं एकदाही वेगळं पडलं नाही. पाच-पाच. पाच-सहा. मधेच त्यानं नकळत एक कोळंबी उचलली आणि वेडीवाकडी सोलून पातेल्यात टाकली.

शेवटी एक 'ठाक' आला आणि त्याला उत्तर आलंच नाही.

"संपलं," झुबेदा हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि हाताला कोळंबीचा वास असल्यामुळे ते पुसताही येत नव्हते.

यूम्ना या वेळी ओरडली नाही.

बद्रुद्दीनच्या ओठांवर सवयीचा प्रश्न आला असावा. त्यानं तोंड उघडलं, झुबेदाकडे पाहिलं, पाठीमागच्या पडद्याकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

"तू तर इथेच होतीस," तो म्हणाला.

"हो," झुबेदा म्हणाली. "इथेच असते."

तो गुडघ्यावर हात टेकून उठला. पडदा एका बाजूला सारून त्यानं तो धरून ठेवला.

झुबेदा तशाच ओल्या हातांनी बाहेर गेली आणि समोर होती त्या खुर्चीत बसली. खुर्ची बद्रुद्दीनची होती. यूम्नानं चमकून बद्रुद्दीनकडे पाहिलं, पण तो खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. टीव्हीच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत 'लाइव्ह' लिहिलेलं होतं. इल्का डोक्यावर टॉवेल घेऊन बसली होती. अख्खं स्टेडियम तिच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मग तिनं टॉवेल काढला, चेहरा पुसला आणि उठली.

"झुबेदा," मागून बद्रुद्दीनचा आवाज आला, जरा घोगरा. "इतकी वर्षं मी तुला…"

"थांबा हो," झुबेदा म्हणाली. तिची नजर टीव्हीवरून हलली नाही. "घडी करतेय ती."